दरजा भरतांना

फुटलेली वस्तु घरांत ठेवूं नये, असें आमच्याकडे म्हणतात. तडा गेलेला आरसा, कान तुटलेला कप, भेग पडलेली बशी यांपैकीं कांहींच लक्ष्मीला आवडत नाहीं अशी समजूत आहे, आणि माझ्या आईची तर या समजुतीवर लहानपणापासून श्रद्धा. आमच्या घरीं एखाद्या कपाचा टवका उडाला कीं संध्याकाळच्या आंत तो कप घराबाहेर जाई. अशा आईच्या कपाटांत, रेशमी साड्यांच्या खालीं, एक पत्र्याचा डबा निघावा आणि त्यांत चिनीमातीचे फुटके तुकडे काठोकाठ भरलेले असावेत, ही गोष्ट मला मोठी चमत्कारिक वाटावयास हवी होती. परंतु ती तशी वाटली नाहीं. डबा उघडतांच मीं तो पुन्हां बंद केला. कारण ते तुकडे कशाचे आहेत आणि ते कोणी केले, हें मला पुरतें ठाऊक होतें.

आईचें लग्न १९५९ सालीं झालें. त्या वेळीं तिच्या मामांनीं तिला चहाचा एक संच दिला होता. सहा कप, सहा बश्या, किटली, दुधाचें भांडें आणि साखरेचें भांडें. शुभ्र अंगावर निळी नाजूक वेल आणि कांठाला सोनेरी रेघ. आमचें बिऱ्हाड तेव्हां पुण्यांत नारायण पेठेंतल्या एका वाड्यांत, तळमजल्यावर होतें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्याच्या लोंढ्यापुढें खडकवासल्याच्या धरणाचाही टिकाव लागला नाहीं, आणि मुठेच्या कांठच्या पेठांतून पाणी शिरलें. आई वर्षाच्या दादाला कडेवर घेऊन नेसत्या लुगड्यानिशीं बाहेर पडली. पाणी ओसरल्यावर परत येऊन पाहते तों दारापासून चुलीपर्यंत गुडघाभर गाळ! त्या गाळांत हात घालघालून तिनें आपला संसार शोधला. धान्य गेलें, अंथरुणें गेलीं, लग्नाचे फोटो गेले; पण हा चहाचा संच मात्र, एक कप सोडला तर, सगळाच्या सगळा हाताला लागला. 'वाडे पडले, पण माझी बशीसुद्धां फुटली नाहीं!' हें आईचें वाक्य आम्हीं दोघां भावांनीं इतक्या वेळां ऐकलें आहे, कीं आमच्या घराचा इतिहास जणूं त्या वाक्यापासूनच सुरू होतो.

२०१९ सालीं वाडा पाडून तेथें इमारत उठवावयाचें ठरलें आणि आम्हांला जागा सोडावी लागली. सामान हलविण्याच्या दिवशीं दादा म्हणाला, 'आईचे कप एकेक कागदांत गुंडाळून माझ्या गाडींतून नेऊं.' दादा सार्वजनिक बांधकाम खात्यांत इंजिनियर; वर्षापूर्वींच निवृत्त झालेला. प्रत्येक गोष्ट मोजून, मापून आणि थोडी उशिरां करण्याची त्याची पद्धति. आणि मी जन्माचा उतावळा. टेंपोवाला खोळंबला होता. मीं तो संच एका खोक्यांत घातला, वर दोन टॉवेल कोंबले, आणि खोकें टेंपोंत ट्रंकेवर ठेवून दिलें. पुढें एका गतिरोधकापाशीं काय झालें तें सांगावयास नकोच. दुधाचें भांडें तेवढें वांचलें. नव्या घराच्या दाराशीं खोकें उघडलें तेव्हां हमाल होते, नवे शेजारी होते, वहिनी होत्या, माझी सौभाग्यवती होती, मुलगी होती. दादा खोक्यांत डोकावून म्हणाला, 'पानशेतच्या पुराला जें जमलें नाहीं, तें यानें एका खेपेंत करून दाखविलें.'

हें वाक्य खोटें असतें तर मी त्याच्याशीं चार दिवस भांडलों असतों आणि पांचव्या दिवशीं त्याच्याकडे जेवावयास गेलों असतों. पण तें अक्षरशः खरें होतें, आणि खऱ्या वाक्याला उत्तर नसतें. मग मीं अबोला धरला. अबोला म्हणजे अगदीं कडकडीत नव्हे. सणावारीं आम्ही भेटत असूं. आईचीं औषधें, बँकेचीं कागदपत्रें, सहा महिने त्याच्याकडे आणि सहा महिने माझ्याकडे राहावयाचे तिचे दिवस, यांविषयीं जरुरीपुरतें बोलत असूं. सभ्य घरांतल्या भांडणांना आवाज नसतो. तीं फार दिवस चालतात तीं बहुधा त्यामुळेंच. आई एका शब्दानेंही कोणाला बोलली नाहीं. ती ते तुकडे कोठें टाकावयास गेली असेल असें मला इतकीं वर्षें वाटत होतें. ते तिनें टाकलेच नव्हते.

यंदाच्या उन्हाळ्यांत सौभाग्यवतींनीं साड्यांना ऊन दाखविण्यासाठीं आईचें कपाट काढलें आणि तो डबा बाहेर आला. त्याच आठवड्यांत आईनें सहज तक्रार केली कीं, खिडकीपाशीं बसून चहा घ्यावयाचा तर कप ठेवण्यासाठीं फार वांकावें लागतें. माझ्या गच्चींत तिच्या जुन्या शिवणयंत्राचा बिडाचा पाया गंजत पडला होता. या तीन गोष्टी एका माणसाच्या डोक्यांत एकत्र आल्या म्हणजे काय होतें तें वाचकांनीं ओळखलेंच असेल. त्या पायावर प्लायवूडची फळी बसवावयाची, आणि फळीवर ते तुकडे जडवून आईसाठीं टेबल करावयाचें, असा बेत मीं ठरविला.

उतावळ्या माणसाला वाचनाचीही घाई असते. मीं दोन दिवसांत मोझेकवर मिळेल तें वाचून काढलें. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरांत १८३१ सालीं सांपडलेलें, सिकंदर आणि दरायस यांच्या लढाईचें प्रचंड चित्र, जें आज नेपल्सच्या संग्रहालयांत आहे, तें सारें नखाएवढ्या दगडी तुकड्यांचें आहे. बार्सेलोना शहरांतल्या ग्युएल उद्यानांत गौदी आणि त्याचा सहकारी जुजोल यांनीं गेल्या शतकाच्या आरंभीं एक लांबलचक नागमोडी बांक केला. त्याला फुटक्या फरश्या आणि भांडींकुंडीं लावलीं. आपल्याकडे चंदीगडांत नेकचंद नांवाच्या रस्ते-निरीक्षकानें १९५७ च्या सुमारास सरकारी जागेवर गुपचूप काम सुरू केलें. फुटके कप, बांगड्या, टाकाऊ सामान यांचीं माणसें, पशुपक्षी उभे केले. आणि १९७६ सालीं तें उद्यान लोकांना खुलें झालें. शिवाय पुण्यामुंबईच्या कितीतरी गच्च्यांवर पांढऱ्या फरश्यांचे तुकडे बसविलेले असतात. ऊन परतवावें आणि पाणी मुरूं नये म्हणून. हें सारें वाचून मला धीर आला. फोडणाऱ्यांची आणि जोडणाऱ्यांची परंपरा मोठी आहे, आणि त्यांतल्या पहिल्या वर्गांत तर मी आहेंच, मग दुसऱ्यांत जावयास कोणती हरकत?

जडविण्याचें काम महिनाभर चाललें. कपाचा तुकडा वांकडा असतो, बशीचा सपाट असतो. एक जाड, दुसरा पातळ. पक्कडीनें ते बेतानें लहान करावे लागले, धारदार कडा कुरुंदाच्या दगडावर घांसाव्या लागल्या. मध्यभागीं किटलीवरची वेल, भोंवतीं बश्यांचे सोनेरी कांठ, असें तें चित्र हळूहळू जमत गेलें. एकाच ठिकाणीं दोन बोटांएवढी जागा रिकामी राहिली. ती भरण्यापुरता तुकडा डब्यांत नव्हता. तेथें मीं न्हाणीघराच्या एका जुन्या पांढऱ्या फरशीचा तुकडा बसविला आणि कोणाजवळ त्याची वाच्यता केली नाहीं. सगळे तुकडे फळीला घट्ट चिकटले, आणि मला वाटलें, काम झालें. तुकड्यांच्या मधल्या फटी तेवढ्या भरावयाच्या!

'तेवढ्या' हा शब्द मीं किती अज्ञानानें उच्चारला होता तें दुसऱ्या दिवशीं दुकानांत समजलें. फटी भरण्याच्या मसाल्याला ग्राउट म्हणतात इतकें मला ठाऊक होतें. दुकानदारानें विचारलें, 'सिमेंटचें कीं एपॉक्सी?' मी गप्प. 'वाळूचें कीं बिनवाळूचें?' मी अधिकच गप्प. मग त्यानें रंगांचें पत्रक माझ्यापुढें टाकलें. त्यांत पांढरा होता, दुधी होता, हस्तिदंती होता, राखाडीचेच पांच प्रकार होते, विटकरी होता, काळा होता. मी पत्रक घेऊन घरीं आलों. मुलीचें मत काळ्याला पडलें. सौभाग्यवती म्हणाल्या, 'पांढराच बरा. फटी आहेत हें कळणारसुद्धां नाहीं.' खरें म्हणजे माझ्याही मनांत पांढराच होता. फटी दिसूं नयेत, कप कधीं फुटलेच नाहींत असें टेबलाकडे पाहून वाटावें, हीच माझी आंतली इच्छा होती. आईला विचारलें तर ती म्हणाली, 'मला मेलीला आतां रंग कुठें नीट दिसतात? दादाला विचार. त्याला सिमेंटांतलें कळतें.'

मीं आठ दिवस दादाला विचारलें नाहीं. पुस्तकांना विचारलें. पुस्तकें सांगत कीं, फट तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर बिनवाळूचें ग्राउट वापरावें, त्याहून रुंद असेल तर वाळूचें. कारण रुंद फटींत नुसतें सिमेंट सुकतांना आकसतें आणि त्याला भेगा पडतात. बारीक वाळू त्याला आधार देते. पण माझ्या फटी कोठें दोन मिलिमीटरच्या होत्या, कोठें आठ! वाळूचें घ्यावें तर ती वाळू सोनेरी रेघ ओरबाडून काढणार. एपॉक्सी घ्यावें, म्हणजे राळ आणि तिला घट्ट करणारें द्रव्य यांचें मिश्रण, तर त्यावर डाग पडत नाहीं हें खरें. पण तें झरझर घट्ट होतें, आणि वेळेवर पुसलें गेलें नाहीं तर त्याचा थर तुकड्यांवरच चिकटून बसतो. नवशिक्या हातांसाठीं तें नव्हे. गवंडी लोक फरश्यांच्या फटींत नुसतें पांढरें सिमेंट भरतात तसें करावें, तर आमच्याच न्हाणीघरांत त्याची काळीपिवळी दशा मी रोज पाहत होतों. पुस्तकें सर्व प्रश्नांचीं उत्तरें देत होतीं. माझ्या टेबलाचें तेवढें देत नव्हतीं.

अखेर एका संध्याकाळीं मीं फोन उचलला. कसा आरंभ करावा याचीं दोनतीन वाक्यें जुळवून ठेवलीं होतीं. तीं ऐन वेळीं सारीं पळालीं. मी एकदम म्हणालों, 'दादा, आईच्या कपांचे तुकडे जडवून टेबल केलें आहे. ग्राउट कोणतें वापरूं?'

पलीकडे इतका वेळ शांतता झाली कीं फोन बंद पडला असें मला वाटलें. मग दादाचा आवाज आला, 'दरज किती रुंद आहे?'

गवंडीकामांत दोन दगडांमधल्या फटीला दरज म्हणतात आणि ती भरण्याला दरजा भरणें म्हणतात. हा जुना शब्द मीं दादाच्या तोंडून लहानपणीं ऐकला होता. तो त्या दिवशीं पुन्हां ऐकला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेनऊला दादा दारांत हजर. हातांत पोलादी पट्टी, रबरी थापी आणि जुना, कडा झिजलेला एक स्पंज. आईला नमस्कार करून तो सरळ टेबलाकडे वळला. दहा मिनिटें कांहीं बोलला नाहीं. पट्टी लावून दरजा मोजल्या, नखानें दोन तुकडे हलवून पाहिले, आणि त्यांतला एक चट्कन हातांत आला. 'हा सुटणारच होता,' तो म्हणाला. मग फळीच्या कडांना तेलरंग दिला नाहीं म्हणून मला बोलणीं बसलीं. लांकूड पाणी प्यालें कीं फुगतें, आणि फळी फुगली कीं दरजा उलतात, हें मला कळावयास हवें होतें म्हणे. गेल्या सहा वर्षांत दादा मला असा कधीं रागावला नव्हता. मला इतकें बरें वाटलें कीं मी उगाच चहा करावयास उठलों.

रंगावरून मात्र खरी झुंज झाली. मी पांढऱ्यावर अडून बसलों. दादानें वाद घातला नाहीं. त्यानें एका फळकुटावर उरलेसुरले तुकडे चिकटविले, तीन भाग केले, आणि तिन्हींत तीन रंगांचीं ग्राउटें भरलीं. दोन दिवसांनीं तें फळकूट खिडकींत आणून ठेवलें. पांढऱ्यांत दरजा लपल्या नव्हत्या. उलट तुकड्यांचा शुभ्रपणा मळकट दिसूं लागला होता, कारण कपांचें जुनें पांढरें आणि सिमेंटचें नवें पांढरें यांचें जमत नव्हतें. काळ्यांत दरजाच तेवढ्या दिसत. निळी वेल बिचारी मागें पडली होती. राखाडींत मात्र प्रत्येक तुकडा वेगळाही दिसत होता आणि शेजाऱ्याबरोबरही दिसत होता. दादा म्हणाला, 'जें फुटलें आहे तें फुटलेलें दिसणारच. नीट भरलेलें दिसलें म्हणजे झालें.' मीं राखाडी मान्य केलें. जात ठरली ती बारीक वाळूच्या सिमेंटी ग्राउटची. आणि सोनेरी रेघेचें काय? एक सबंध दुपार आम्ही दोघे निवृत्त गृहस्थ त्या टेबलाच्या दोन बाजूंना बसून, सोनेरी कांठाच्या एकेका तुकड्यावर कागदी चिकटपट्टी कापून लावीत होतों.

रविवारीं ग्राउट भरलें. भुकटींत पाणी घालतांना तें लवकर कालवलें जावें म्हणून मी आणखी थोडें ओतूं लागलों, तों दादानें भांडें माझ्या हातांतून काढून घेतलें. पाणी जास्त झालें कीं ग्राउट सैल होऊन भरावयास सोपें जातें, पण तें पाणी उडून गेल्यावर मागें कमकुवतपणा, भेगा आणि फिकट धब्बे राहतात. तें श्रीखंडाइतकें घट्ट असावें, आणि कालविल्यावर दहा मिनिटें नुसतें ठेवावें. म्हणजे तें आंतपर्यंत भिजतें. मग पुन्हां एकदां ढवळून थापीनें भरावयाचें. तेंही दरजेच्या दिशेनें नव्हे, तिरपें, नाहींतर थापीची कड भरलेला मसाला उकरून काढते.

आणि येथें माझी कसोटी लागली. ग्राउट भरतांना तें दरजांतच जात नाहीं. सगळ्या टेबलावर पसरतें. पांच मिनिटांत वेल गेली, सोनेरी कांठ गेले, महिन्याची मेहनत गेली, आणि समोर उरला एक करडा चिखलाचा चौकोन. माझ्या पोटांत धस्स झालें. मीं स्पंज उचलला. दादानें माझें मनगट धरलें. 'थांब. आतां पुसलेंस तर दरजेंतलेंही निघून येईल. वीस मिनिटें.'

आई तिच्या खुर्चींतून उठून भिंतीच्या आधारानें टेबलापाशीं आली होती. तिनें एक बोट त्या ओल्या ग्राउटवरून फिरवलें आणि बोटाकडे पाहत ती म्हणाली, 'कपांत असाच गाळ बसला होता. असाच मऊ. मीं बोटानें काढला होता.' आम्ही दोघे कांहीं बोललों नाहीं. तिनें पदराला बोट पुसलें आणि ती आपल्या जागीं जाऊन बसली.

वीस मिनिटांनीं आम्हीं पुसावयास आरंभ केला. स्पंज बुडवून इतका पिळावयाचा कीं त्यांतून थेंब पडतां कामा नये. एक हात फिरवला कीं बाजू बदलावयाची. दोन हात फिरवले कीं पुन्हां धुवावयाचा. ओल्या स्पंजानें घांसलें तर रंग धुतला जातो. गाळाखालून प्रथम एक निळें पान वर आलें, मग वेलीचा फांटा, मग कांठ. असें पुसतां पुसतां, मान वर न करतां दादा म्हणाला, 'त्या दिवशीं चारचौघांदेखत बोलावयास नको होतें.'

मी म्हणालों, 'बोललास तें खोटें नव्हतें.'

'खरें होतें म्हणूनच बोलावयास नको होतें.'

मला वाटलें आतां मींही कांहीं बोलावें. खोकें ट्रंकेवर ठेवलें त्याची आठवण झाली नाहीं असा एकही सण गेला नव्हता, हें त्याला सांगावें. पण त्यानें हात पुढें केला आणि म्हटलें, 'तो दुसरा स्पंज दे. हा भरला.' मीं दिला. सहा वर्षांच्या भांडणाचा शेवट इतक्यांतच आटोपला. नाटकांतून असा प्रवेश पुष्कळ लांबवतात. त्या लोकांना ग्राउट पुसावयाचें नसतें, हेंच त्याचें कारण असावें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तुकड्यांवर धुक्यासारखा पांढुरका थर दिसला. सौभाग्यवतींनीं लगेच लिंबाची फोड आणली. तांब्यापितळेच्या भांड्यांवरचा त्यांचा अनुभव मोठा. दादानें ती दारांतच अडविली. आंबट पदार्थ सिमेंटमधल्या चुन्याला खातो. थर निघेल, पण दरजाही पोखरल्या जातील. कोरड्या सुती फडक्यानें हळूहळू चोळल्यावर तो थर आपोआप गेला. मग चिकटपट्ट्या काढल्या, आणि सोनेरी रेघ सबंध निघाली.

मी समजत होतों, आतां ग्राउट वाळूं द्यावयाचें. म्हणून टेबल उन्हांत नेऊं लागलों. यावर दादानें मला सिमेंटवर एक छोटेंसें व्याख्यान दिलें. इंग्लंडमध्यें लीड्स येथील जोसेफ अस्पडिन नांवाच्या गवंड्यानें १८२४ सालीं पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें. पोर्टलंडच्या दगडासारखें तें दिसतें म्हणून हें नांव. तेव्हांपासून लोकांची समजूत आहे कीं सिमेंट वाळून घट्ट होतें. तें चूक आहे. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतें. तें पाण्याशीं जोडलें जातें आणि त्या जोडण्यानेंच दगड होतें. पाणी लवकर उडून गेलें तर तें अर्धवट राहतें, भुसभुशीत होतें. म्हणून नव्या बांधकामावर पाणी मारतात. आम्हीं टेबलावर ओलें फडकें घातलें, त्यावर प्लास्टिकचा कागद झांकला, आणि तीन दिवस सकाळसंध्याकाळ तें फडकें भिजवीत राहिलों. तें भिजवितांना माझ्या मनांत येई कीं, आमच्या भांडणाचेंही मीं हेंच केलें होतें. काळ जाऊं दिला कीं सारें आपोआप बसेल अशा समजुतीनें तें कोरडें ठेवलें. आणि तें बसलें नाहीं, उलत गेलें.

चवथ्या दिवशीं फडकें काढलें तेव्हां रंग गडद होता. पुढें दोन दिवसांत तो फिका होत होत फळकुटावरच्या रंगाला येऊन पोंचला. एका कोपऱ्यांत, दरज जेथें सर्वांत रुंद होती तेथें, केसासारखी एक भेग निघाली. ती दादानें किंचित उकरून पुन्हां भरली. आठवड्यानें दरजांत मुरणारें, पाणी आणि तेल आंत शिरूं न देणारें द्रव्य लावावयाचें होतें. तें मीं एकट्यानें लावलें, आणि अर्थात् घाईनें लावलें. दुसऱ्या दिवशीं पाण्याचे थेंब टाकून पाहिले. ते मोत्यासारखे गोल उभे राहिले. मीं सर्व ठिकाणीं टाकून पाहिले असते तर बरें झालें असतें.

टेबल खिडकीपाशीं ठेवलें. दादा आणि वहिनी आले. उद्घाटनाचा चहा झाला. दूध अर्थातच त्या वांचलेल्या भांड्यांतून. आईनें कप खालीं ठेवला आणि दोन्ही हातांचीं बोटें टेबलावरून सावकाश फिरवलीं. किटलीची वेल तिच्या हातांना सांपडली, बशीचा कांठ सांपडला. मग एके जागीं तिचें बोट थांबलें. 'हा आपला नव्हे,' ती म्हणाली.

न्हाणीघराची फरशी! डोळ्यांनीं कोणालाही ओळखतां आली नव्हती. मीं कबुली दिली. ती थोडा वेळ त्या तुकड्यावर बोट ठेवून राहिली, आणि म्हणाली, 'असूं दे. एक कप पुरांत गेलाच होता. त्याची जागा कुठेंतरी असायचीच.' मग तिनें विचारलें, 'चहा सांडला तर डाग पडेल का रे?' मी मोठ्या आत्मविश्वासानें म्हणालों, 'मुळींच नाहीं.'

पंधरा दिवसांच्या आंत डाग पडला. डाव्या कोपऱ्यांत, माझ्या घाईनें द्रव्य लावावयाचें राहून गेलेल्या एका दरजेंत, आईच्या हातून चहा हिंदकळला आणि बोटाच्या पेराएवढी दरज कायमची तपकिरी झाली. पुढच्या रविवारीं दादानें तो पाहिला. घाईविषयीं, माझ्या स्वभावाविषयीं आणि एकंदरींत माझ्या संगोपनाविषयीं तो पाव तास बोलला. तेवढी दरज उकरून पुन्हां कशी भरावयाची तेंही त्यानें मला समजावून दिलें. दोन कप चहा घेतला. आणि पुढच्या आठवड्यांत काम कसें झालें तें पाहावयास येतों म्हणून गेला.

हें होऊन आतां दोन महिने झाले. तो दर रविवारीं येतो, डाग पाहतो, रागावतो, चहा घेतो, आईशीं दोन तास बोलत बसतो. दुरुस्तीचें सामान मीं आणून ठेवलेलें आहे. काम अर्ध्या तासाचें आहे. पण या एका बाबतींत मला मुळींच घाई नाहीं.